सहा-सात-आठ

आमच्या धंद्यात एक आकडा पाठ असतो: सहा-सात-आठ. सहाला वेक-अप कॉल, सातला नाश्ता, आठला गाडी. रात्री जेवणं उरकत आली की टूर लीडरनं उभं राहून टाळी वाजवायची आणि उद्याचा आकडा सांगायचा. लांबचा पल्ला असला तर पाच-सहा-सात. सात-आठ-नऊ म्हटलं की टेबलाटेबलांवरून टाळ्या. मी १९९९ साली पुण्यातल्या एका सहल कंपनीत टूर लीडर म्हणून लागले, नऊ वर्षं हा आकडा ओरडले आणि २००८ पासून घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकून लोकांच्या सुट्ट्या आखून देते. हा आकडा नीट पाळला की सगळे पॉइंट होतात, जेवणं वेळेवर होतात, तक्रार येत नाही. फक्त फोटो वाईट येतात. हे कळायला मला सात वर्षं लागली.

आठला निघालेली गाडी दहाला पहिल्या ठिकाणी पोचते आणि चारच्या सुमाराला शेवटच्या ठिकाणाहून सुटते. दहा ते चार, आणि महिना मे. महाराष्ट्रात तर या महिन्यात सूर्य अक्षरशः डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस दक्षिणेकडून उत्तरेकडे एकेका गावावरून सरकत जातो, पुण्यात तो १३ मेच्या आसपास असतो. असल्या उन्हात कपाळ आणि नाकाचा शेंडा चकाकतो आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खळगे उरतात. सकाळचा चांगला उजेड आम्ही पोह्यांवर घालवायचो आणि संध्याकाळचा गाडीतल्या अंताक्षरीवर.

तेव्हा मला त्याचं काही वाटत नसे. उलट फोटोसाठी थांबणाऱ्यांचा रागच यायचा. ‘सहल बघायला आलात की दाखवायला?’ असं एका गृहस्थांना मी तोंडावर म्हटल्याचं आठवतं. ते बिचारे हसले आणि गाडीत जाऊन बसले. आमच्या घरी लहानपणी आग्फा क्लिक थ्री होता. रोलमध्ये बारा फोटो, अख्ख्या मे महिन्याला बारा. बाबा सांगायचे, फोटो काढणाऱ्यानं ऊन पाठीवर घ्यायचं. त्यामुळे आमच्या अल्बमात सगळं खानदान उन्हाकडे तोंड करून, डोळे मिटत मिटत उभं आहे. वेण्णा लेकवर भाऊ ऐन क्षणी हलला, एक फोटो फुकट गेला, म्हणून त्याला धपाटा बसला होता. इतक्या काटकसरीत वाढलेल्या माणसाला छत्तीसचे दोन-दोन रोल घेऊन येणारी मंडळी उधळीच वाटणार.

२००६ च्या मे महिन्यात माझी सिमला-मनालीची टूर होती. त्यात एक निवृत्त काका होते. बँकेत नोकरी झालेली, स्वभाव मागे मागे राहण्याचा. गाडीतून उतरताना दुसऱ्याच्या पिशव्या धरायचे, फोटोच्या वेळी दुसऱ्याचा कॅमेरा. गणपतीनंतर कळलं की ते गेले. घर जवळच होतं म्हणून भेटायला गेले. बाहेरच्या खोलीत स्टुलावर त्यांचा हार घातलेला फोटो. मी नमस्कार करायला वाकले आणि फोटो ओळखला. आमच्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला होता. कंपनी तेव्हा प्रत्येक पाहुण्याला ग्रुप फोटो लॅमिनेट करून भेट द्यायची. तो मीच दुपारी साडेबाराला काढायला लावला होता, जेवणाला उशीर नको म्हणून. टोपीच्या सावलीत काकांचे डोळे दिसतच नव्हते. आणि खांद्यावर चार बोटं होती. शेजारी उभं राहिलेल्या कुणाची तरी. मनगटापासून पुढचा माणूस कापला गेला होता, बोटं राहिली होती.

काकू म्हणाल्या, ‘अलीकडचा एवढाच होता बघ. बाकी सगळे यांनी काढलेले.’

त्या घरी चहा घेतला की नाही ते आठवत नाही. ती चार बोटं मात्र आजही डोळ्यांसमोर आहेत.

पुढच्या टूरला मी ग्रुप फोटो सकाळी सव्वासहाला लावला. चाळीसपैकी अकरा जण आले. त्यातले तिघे ब्रश तोंडात धरून. म्हणजे नुसतं ठरवून भागत नव्हतं. माणसं का येत नाहीत ते शोधायला लागले तर कारण निघालं चहा. आपला माणूस चहाशिवाय सूर्याकडे बघत नाही. आणि हॉटेलच्या किचनमधली पोरं रात्री एकपर्यंत ग्रुपची भांडी घासून झोपलेली. ‘मॅडम, गॅस तो सात बजे ही जलेगा,’ हे उत्तर मी हिमाचलपासून केरळपर्यंत ऐकलंय, त्या त्या उच्चारांत. मग मी पुण्याहून किटली, दोन मोठे थर्मास, चहापत्ती, साखर आणि दुधाची पावडर न्यायला लागले. बरोबर बाकरवडी. पाच वाजता कॉरिडॉरमध्ये आल्याचा वास सुटला की दारं उघडायची. कॅमेऱ्याची, पोजची, लेन्सची सगळी शिकवण एका पारड्यात टाका आणि पाचचा चहा दुसऱ्यात; मी चहा उचलीन. श्रीनगरला एकदा हाउसबोटवाल्यानं आपण होऊन पहाटे चहा आणला तेव्हा मला भरून आलं. तो निघाला नून चाय, गुलाबी आणि खारट. काकावर्गाचे चेहरे बघण्यासारखे झाले, पण जागे तर झाले.

उजेड बघून ठिकाण लावायचं, हे मी दल लेकवरच शिकले. साडेपाचच्या आसपास तिथे पाणी निवांत असतं, शिकाऱ्यांची वर्दळ सुरू झालेली नसते. भाजीचा तरंगता बाजार भरतो तोही याच वेळी. होड्यांत कमळकाकडीच्या जुड्या, हाक साग, मुळे. सात वाजता तिथे काही उरत नाही. (ते लोक कामावर आलेले असतात. विचारल्याशिवाय तोंडासमोर मोबाइल धरू नका, हे मी प्रत्येक पार्टीला सांगते आणि प्रत्येक पार्टीतला एक जण धरतोच.) निशात बाग उलट. ती तळ्याच्या पूर्वेच्या काठावर, मागे झबरवानचा डोंगर. सकाळी तो डोंगरच ऊन अडवतो. संध्याकाळी पाचनंतर पश्चिमेचं ऊन तळ्यावरून येऊन डोंगरावर आणि चिनारांवर पडतं. पण ड्रायव्हरचा ठरलेला रस्ता असा की मुघल बागा सकाळी दहाला, एकापाठोपाठ एक, आणि संध्याकाळी पाचला गाडी जमा. तो फिरवायचा तर जादा तासांचे पैसे मोजावे लागतात. क्वोटेशनमध्ये मी ते वेगळे दाखवते. लोक विचारतात, हे कशाचे? मी सांगते, उन्हाचे. काही हसून देतात, काही दुसऱ्या एजंटकडे जातात.

माझ्या चुका थोड्या नाहीत. सगळ्यात मोठी ट्यूलिपची. श्रीनगरची ट्यूलिप बाग २००७ मध्ये सुरू झाली आणि वर्षा-दोन वर्षांत तिचे फोटो घरोघरी पोचले. धंदा नवा होता, मला पार्ट्या हव्या होत्या. एका कुटुंबातल्या तीन बहिणी आपापल्या संसारांसह निघाल्या होत्या. त्यांना रांगांमध्ये उभं राहून फोटो हवा होता, त्यासाठी तिघींनी लेमन, पिस्ता आणि अबोली असे ड्रेस शिवून घेतले होते. मी छातीठोकपणे सांगितलं, हो, ट्यूलिप बघायचेच. मुलांचे निकाल १ मेला, म्हणून निघालो ३ मेला. ट्यूलिपचा बहर मार्चअखेर सुरू होतो आणि एप्रिल सरायच्या आत आटोपतो, जेमतेम तीन-चार आठवडे. आम्ही पोचलो तेव्हा बागेच्या फाटकाला कुलूप होतं आणि जाळीतून दिसत होती पिवळी पडलेली पानं. मधल्या बहिणीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. धाकटी मात्र म्हणाली, ‘ताई, तुम्ही फोन करून विचारलं नव्हतं?’ नव्हतं विचारलं. वर्तमानपत्रातल्या फोटोवर विसंबले होते. त्या दिवसाच्या गाडीचे पैसे परत केले, तरी त्या घरातून पुन्हा काम आलं नाही.

तेव्हापासून माझ्या टेबलाच्या काचेखाली एक कागद आहे. मराठी घराची सुट्टी म्हणजे १ मे ते १५ जूनच्या आधीचा आठवडा. या दिवसांत कुठे काय नसतं त्याची यादी. ट्यूलिप नसतात. कासच्या पठारावर फुलं नसतात, ती सप्टेंबरात. दार्जिलिंगला कांचनजंगा बहुतेक सकाळी ढगात. टायगर हिलवर पहाटे चारला कुडकुडत गेलेली माणसं धुक्याचे फोटो घेऊन परततात. ताजमहाल शुक्रवारी बंद. रोहतांगला मंगळवारी गाड्या सोडत नाहीत, इतर दिवशीही ठरावीक गाड्यांनाच परवाना. मालवणात २६ मेपासून बोटी आणि पाण्यातले खेळ बंद, मग सिंधुदुर्ग काठावरूनच बघायचा. पूर्वी पार्टीला मी काय काय मिळेल ते सांगायची. आता आधी ही यादी वाचते. अर्धी गिऱ्हाइकं इथेच खट्टू होतात. उरलेल्यांशी काम करायला बरं पडतं.

कपड्यांबद्दल बोलायचं तर रोहतांगपासूनच सुरुवात करायला हवी. खिंड ३,९७८ मीटरवर. मनालीहून वर जाताना रस्त्याच्या कडेला कोट आणि गमबूट भाड्यानं देणाऱ्या दुकानांची रांग लागते, प्रत्येकाला नंबर. कोटावरही तो रंगवलेला, हरवू नये म्हणून. त्यामुळे माणसं घरून इस्त्रीचे कपडे आणतात आणि बर्फातल्या प्रत्येक फोटोत दुकानाचा नंबर मिरवतात. एका टूरमध्ये नवीन लग्न झालेली मुलगी होती, सासू-सासरे बरोबर. तिनं मला जेवणानंतर बाजूला घेऊन विचारलं, बर्फात शिफॉनच्या साडीत फोटो काढायचाय, जमेल? सिनेमांनी आपल्या दोन-तीन पिढ्यांच्या डोक्यात ते घालून ठेवलंय. मी नाही म्हणायला हवं होतं. पण तिचा आवाज इतका हळू होता की मी हो म्हटलं. वर गेल्यावर मी कोट धरून उभी, नवरा कॅमेरा धरून, सासूबाईंची पाठ आमच्याकडे आहे ना हे बघणारी तिची नणंद. चार मिनिटं. पिवळी साडी, मागे पांढरा उतार. फोटो सुरेख आला हे कबूल करायला हवं. रात्री तिला १०२ ताप. डॉक्टर बोलवावा लागला आणि सासूबाईंनी मला जे सुनावलं ते योग्यच होतं. आता कुणी विचारलंच तर मी आतून घालायच्या अंगालगतच्या थर्मलची आणि गाडीत ठेवायच्या गरम पाण्याच्या पिशवीची जबाबदारी घेते. शिवाय अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून नऊ किलोमीटर पार करून लाहौलच्या बाजूला उतरता येतं, तिथे थोडं मोकळं वाटतं आणि नंबरच्या कोटाला लोक पर्यायही शोधतात.

दुसरी गोष्ट बॅगांची. मोठ्या बॅगा टेम्पो ट्रॅव्हलरच्या टपावर, त्यावर ताडपत्री, त्यावर दोऱ्या. आणि फोटोसाठी मुद्दाम घेतलेला ड्रेस नेमका त्या बॅगेच्या तळाशी. एका पार्टीनं खज्जियारच्या मैदानावर पोचल्यावर टपावरून सगळं उतरवायला लावलं. ड्रायव्हरनं उरलेले तीन दिवस आमच्याशी अक्षर काढलं नाही. मग मी ‘फोटोची पिशवी’ सुरू केली. प्रत्येकाची एक साधी कापडी पिशवी, मांडीवर मावेल एवढी. आत दुसऱ्या दिवशीचा एकच कपडा, कंगवा, सेफ्टी पिना, ओला रुमाल, साधी चप्पल. रात्री झोपण्याआधी भरायची. बर्फावर पांढरं नेऊ नका, हिरव्यावर हिरवं नेऊ नका, एवढंच सांगते. बाकी रंगांचं लोकांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

एका रंगाचे कपडे ही अलीकडची साथ. एका आजी-आजोबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला चौदा जण गणपतीपुळ्याला गेले. नातवंडांनी चौदा टी-शर्ट छापून आणले. आजी नऊवारीतल्या. ‘हे मी घालायचं? कशावर?’ एवढंच म्हणाल्या. घरात दोन दिवस अबोला. मला फोन आला, तुम्हीच समजवा. मी समजवायला गेले नाही. पातळाच्या रंगाचे बाकीच्यांचे कपडे निवडा म्हटलं. आजींचं पातळ गर्द जांभळं होतं, मग फिक्या अबोलीपासून वांग्याच्या रंगापर्यंत ज्याच्याकडे जे होतं ते चाललं.

त्याच पार्टीनं समुद्राचं गणितही माझ्याकडून पक्कं करून घेतलं. कोकणात समुद्र पश्चिमेला. सगळ्यांना सूर्यास्तासमोर उभं राहून फोटो हवा असतो आणि त्यात चौदा काळ्या आकृत्या येतात, कोण काका आणि कोण मामा कळत नाही. चेहरे हवे असतील तर सकाळी साडेसहा-सातला जायचं. माडांच्या वरून येणारं ऊन तोंडावर, पाठीमागे समुद्र. संध्याकाळी हवं तर उड्या मारा. मुलांनी उड्या मारल्या. आजोबांनीही एक मारायचा प्रयत्न केला, त्याचा फोटो माझ्याकडे आहे, पण आजींनी कुणाला दाखवायचा नाही असं बजावलंय.

परदेशी टूर मी फार केल्या नाहीत. स्वित्झर्लंडला चार वेळा गेले. टिटलिसवर शाहरुख-काजोलचे पुठ्ठ्याचे पुतळे उभे आहेत, त्यांच्यापुढे आपल्याच लोकांची रांग असते आणि तीत मी बिनतक्रार उभी राहते, कारण १९९५ साली त्या दोघांचा सिनेमा मीही तीनदा बघितलाय. तिथला खरा झगडा जेवणाशी. जूनमध्ये तिकडे सूर्य नऊनंतर मावळतो. तळ्यांवर, डोंगरांवर सगळ्यात सुंदर उजेड साडेसात ते नऊ. आणि ग्रुपचं जेवण भारतीय हॉटेलात सात वाजता, बंद तळघरात, पनीर आणि डाळ. शेवटच्या खेपेला मी एक रात्र जेवण रद्द करून ब्रिएन्झ तळ्याकाठी थेपले, दशम्या आणि चटणीचा बेत मांडला. आधी बंड झालं. ‘जेवण नाही म्हणजे काय? पैसे भरलेत आम्ही!’ एका काकांनी माहितीपत्रकच काढून दाखवलं, डिनर असं लिहिलेलं. मी हॉटेलचे पैसे त्यांच्या हातात ठेवले. ते तळ्याकाठी एका बाकावर पाठ करून बसले आणि सव्वाआठला पहिल्यांदा खिशातून मोबाइल काढला. पैसे मात्र परत केले नाहीत, आणि तसे ते करायचे कारणही नव्हते.

२०२५ चा मे आमच्यासाठी वेगळा गेला. २२ एप्रिलच्या दुपारी पहलगामच्या हल्ल्याची बातमी आली तेव्हा माझ्या तीन पार्ट्या काश्मीरच्या होत्या. गेलेल्यांत सहा जण महाराष्ट्राचे. कुरणावर आपल्या माणसांबरोबर उभी राहिलेली, फोटो काढत असलेली माणसं. तिन्ही पार्ट्यांनी सहल रद्द केली, ते मी सुचवायच्या आधीच. एका घरी चौघींच्या ओढण्या रंगवून तयार होत्या. त्या बाई फोनवर ओढण्यांबद्दलच बोलत राहिल्या, दुसरं काही त्यांना बोलता येईना. विमानाचे पैसे परत यायला किती दिवस लागतील हे मी सांगत राहिले. मलाही दुसरं काही येत नव्हतं. लॅपटॉपवरचं काश्मीरचं फोल्डर मी बरेच महिने उघडलं नाही.

हल्ली नवी पार्टी आली की बजेट विचारण्याआधी मी विचारते, फोटो कुठे लावणार? बहुतेक जण गोंधळतात. कुठे म्हणजे, स्टेटसला! स्टेटससाठी असेल तर माझी फार गरज नाही, एक दिवस धावपळ करून दहा ठिकाणं होतात. भिंतीवर लावायचा असेल तर एक ठिकाण दोनदा बघायला तयार व्हा म्हणते, एकदा दुपारी फिरायला आणि एकदा पहाटे उभं राहायला. त्यासाठी पाचातले दोन पॉइंट गाळावे लागतात. पॉइंट गाळणं लोकांना दात काढल्यासारखं वाटतं. ‘एवढ्या लांब जाऊन ते बघायचं नाही?’ हा प्रश्न मला हजारदा आला असेल आणि माझ्याकडे अजून त्याला चांगलं उत्तर नाही. कधी मी हरते, आणि मग गाडी आठला निघते.

आणि हो, घरातल्या फोटो काढणाऱ्या माणसाला मी आधीच शोधून ठेवते. प्रत्येक घरात एक असतोच. त्याला कार्यक्रमपत्रिकेत वेळ लिहून देते, ‘सकाळी ६.१०, यांचा फोटो’, नावासकट. लोकांना गंमत वाटते. कुणी कारण विचारलं तर सांगत नाही.

परवा रात्री साडेदहाला मनालीहून फोन आला. पार्टीतल्या थोरल्या सूनबाई.

‘ताई, ते सव्वापाच लिहिलंय, ते चुकून ना?’

‘नाही.’

‘बाबा नाही म्हणताहेत उठायला. म्हणताहेत, सगळे जाऊन या, मी बॅगा सांभाळतो.’

‘बॅगा कुठे जात नाहीत. त्यांना सांगा, किचनमध्ये पाचचा चहा सांगून ठेवलाय. आल्याचा. बिनसाखरेचा वेगळा.’

फोनच्या पलीकडे काहीतरी कुजबुज झाली.

‘विचारताहेत, बरोबर काय आहे?’

‘निळ्या पिशवीत बाकरवडी,’ म्हटलं.